कूलरसमोरची जागा

माझा धाकटा भाऊ वसंत याला बोलण्याची देणगी आहे, आणि ज्याला ती देणगी असते त्याला पुराव्याची फारशी गरज भासत नाही. घरातले लग्न असो, नामकरण असो, किंवा गेल्या हिवाळ्यात झालेले माझ्या मुलीच्या नव्या वर्कशॉपचे उद्घाटन असो, माइक त्याच्या हाती गेला की एक हकिकत ठरलेली असते. ती अशी: आमच्या बाबांचा वेल्डिंगच्या धंद्याला कडवा विरोध होता, त्यांनी माझ्यासाठी कोराडीच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे जागा धरून ठेवली होती, मी त्यांच्याशी भांडून, त्यांची झोप मोडून, त्यांचा रोष पत्करून हा धंदा उभा केला. लोक टाळ्या वाजवतात. नातवंडे माझ्याकडे कौतुकाने पाहतात. या हकिकतीत माझा गौरव आहे, हे मला समजते. परंतु बापाला खाली ओढल्याशिवाय मुलगा वर चढत नाही अशी ज्या गौरवाची रचना आहे, तो मला नको. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर मी गप्प राहिलो, कारण मुलीचा दिवस होता. इथे मी गप्प राहणार नाही. वसंताला त्याचे उत्तर लिहायचे असेल तर कागद आणि शाई बाजारात मिळतात.

आमचे घर जरीपटक्याच्या मागच्या अंगाला, बौद्धांच्या वस्तीत होते. दोन खोल्या, पुढे ओसरी, त्यापुढे अंगण, अंगणात एक लिंब, आणि भिंतीला भिंत लागून मोतीरामजींची पिठाची गिरणी. सकाळ उजाडली की गिरणीचा पट्टा फटफट करू लागे आणि आमच्या घरातली भांडी फळीवर हलकेच थरथरत. त्या आवाजाची सवय एवढी मुरली होती की गिरणी बंद झाली म्हणजेच आम्हांला काहीतरी वाजले असे वाटे. बाबा कोराडीला कोळसा उतरवण्याच्या कामावर होते आणि त्यांची पाळी बहुधा रात्रीची असे. सकाळी बसमधून उतरून ते गल्लीत शिरले की आधी त्यांचा खोकला यायचा आणि मग ते यायचे. माय त्यांच्यापुढे गरम पाण्याची बादली ठेवी. पापण्यांच्या कडांना बसलेली काळी रेघ मात्र कोणत्याही साबणाने जात नसे. आम्हां मुलांना लहानपणी वाटे की बाबा काजळ घालतात. मग ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, घोटलेली अंबाडी, उन्हाळा असेल तर कैरीचे पन्हे, आणि मग झोप.

ती झोप कूलरसमोर होत असे, आणि हे कूलरचे प्रकरण नागपूरबाहेरच्या वाचकाला थोडे समजावून सांगितले पाहिजे. वैशाखात आमच्याकडे दुपारी गल्लीतले कुत्रेसुद्धा नालीत जाऊन बसते. भिंतीला हात लावला तर भिंत तव्यासारखी लागते. अशा गावात पत्र्याचा डबा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर झिरपणारे पाणी आणि आत एक पंखा, एवढ्या ऐवजाला केवळ यंत्र म्हणता येत नाही. उन्हाळ्याचे चार महिने तो घरातला कर्ता पुरुष असतो. आमच्या ओळीत कूलर फक्त आमच्याकडे होता. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोप लागावी म्हणून बाबांनी तो जरीपटक्यातून बनवून घेतला होता. त्यामुळे गल्लीतली प्रत्येक जपण्यासारखी वस्तू आमच्या आतल्या खोलीत येऊन पडे: कुणाच्या लग्नाचे हार, कुणाच्या लेकराचे औषध, कुणाचे तान्हे लेकरूच. जपायचे ते कूलरसमोर ठेवायचे, हा नियम आमच्याकडे कुणी कुणाला शिकवला नव्हता. आणि कूलरच्या थेट झोतातली, भिंतीकडची जागा बाबांची. तिथे त्यांची सतरंजी आणि उशी, आणि तिथे दुसरे कुणी पाठ टेकवत नसे.

मशीन आले ते उमरेडहून, दौलतमामाकडून. मामा तिथल्या एका गॅरेजात कोळशाच्या ट्रकांच्या बॉड्या जोडण्याचे काम करी. गॅरेजवाल्याने नवे मशीन आणले आणि जुने मागच्या अंगणात टाकून दिले. मामाने ते माझ्यासाठी मागून घेतले आणि ओळखीच्या ट्रकवर चढवून आमच्या दारात उतरवले. चार माणसांनी उचलावे असे ते धूड होते: तेलाने भरलेली लोखंडी पेटी, पुढे पितळेची भोके, जितका करंट हवा तितक्याच्या भोकात खुंटी खोचायची, आणि बाजूंनी पाझरलेल्या तेलावर बसलेली उमरेडची धूळ. गल्लीतली बायामाणसे जमली. मोतीरामजी गिरणीच्या पायरीवरून म्हणाले, "काय आणलं गा धर्मा? बॉयलर आहे का म्हशीचं पिल्लू?" मायने मात्र पुढे होऊन लुगड्याच्या पदराने त्याची पाटी पुसली, हळदीचे बोट लावले आणि मला म्हणाली, "घरात आलं नं? मंग आपलंच."

मला तेव्हा नुकतीच मिसरूड फुटली होती. मॅट्रिकनंतर शिक्षण थांबले होते आणि करण्यासारखे काही हाती नव्हते. मामा थोडे दिवस राहून मला धडे देऊन गेला. आमच्या घरच्या विजेवर ते मशीन चालणे शक्यच नव्हते. मोतीरामजींनी गिरणीची लाइन वापरू दिली, आणि ती फक्त भर दुपारी, कारण तेवढ्या वेळात उन्हामुळे गिरणी बंद असे. "तुह्या मशीननं माहा मीटर भिंगरीवानी फिरते गा," असे ते रोज म्हणत आणि रोज स्वतःच खटका वर करून देत. त्यांच्याविषयी पुढे गल्लीत बरेवाईट बोलले गेले. त्या माणसाने मला एकदाही अडवले नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

वेल्डिंग शिकणे म्हणजे आधी रॉड चिकटवून घेणे शिकणे. रॉडच्या आत तार असते आणि वरून मातीसारखा लेप; होल्डरमध्ये रॉड धरून लोखंडाला टेकवला की ठिणगी उडते, आणि क्षणभर जास्त टेकवला की रॉड तिथेच रुतून बसतो, लालभडक होतो, मशीन रेड्यासारखे हुंकारू लागते आणि शिकणारा घाबरून होल्डर ओढत बसतो. "भाच्या, काडेपेटीची काडी ओढतात तसं ओढ," मामा सांगे. "दाबू नको, ठोकू नको. लागलं का उचल, उचललं का थांब." मी लागले की दाबायचो आणि उचलले की दचकायचो. चुलीपाशी बसलेली माय ओरडून विचारी, "काहून गा, लोखंडानं तुहा हात धरला का?" काळ्या काचेतून जग नाहीसे होते, फक्त बोराएवढा उजेड उरतो, आणि त्या उजेडाखाली वितळलेल्या लोखंडाचे एक लहानसे डबके हळूहळू सरकत असते; ते डबके मला प्रथम दिसले तेव्हा मी रॉड पुढे सरकवायचेच विसरलो. एकदा काच न धरता ठिणगी पाहिली आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखे झाले. मायने बटाटा किसून पापण्यांवर बांधला, आणि बाबा ड्युटीवर निघता निघता उशाशी बसून म्हणाले, "आमच्याकडचे फिटर लोक बी असेच रडतात. रडू दे, मंग डोये पक्के होतात." डोळे असे पक्के होत नाहीत, त्यानंतर मी काच कधी सोडली नाही. पण वसंताने हे वाक्य ऐकले होते. विरोध असलेला बाप अशा स्वरात बोलतो काय, हे त्याने सांगावे.

आवाजाविषयी लिहिले पाहिजे, कारण पुढचे सारे आवाजावरच उभे आहे. जोड नीट चालला असला की मशीनचा हुंकार खाली एकसुरी राहतो आणि वर कढईत भजी तळली जावीत तसा एक सलग, भरीव आवाज चालतो. मामा म्हणे की डोळ्यापेक्षा कानाने वेल्डिंग लवकर कळते. मामाने आपल्या उरलेल्या रॉडची एक जुडी मला दिली होती. मी ती पत्र्याखालच्या वाशात खोचून ठेवली होती. त्या रॉडांवर, भंगारातल्या पट्ट्या जोडून मोडून, माझा हात बसला. बाबा आत कूलरसमोर झोपलेले असत आणि मी दहा हातांवर ठिणग्या उडवत असे. झोपमोड? ते मायला म्हणत की मशीनचा आवाज थांबला की जाग येते. मी स्वतः ऐकले आहे.

चैत्र सरता सरता आमच्या विहाराच्या समितीचे प्रमुख गुरुजी घरी आले. हे महानगरपालिकेच्या शाळेतले शिक्षक, शब्दाला कडक, पण वस्तीतल्या प्रत्येक पोराचे नाव त्यांना पाठ. विहाराला तोवर कुंपण होते पण गेट नव्हते. गुरे आत शिरत. बुद्धपौर्णिमेच्या आधी दोन पल्ल्यांचे लोखंडी गेट बसवायचे होते. गुरुजींनी अँगल, सळया आणि रॉडचे कोरे, न फोडलेले पाकीट समितीतर्फे आणून दिले आणि म्हणाले, "धर्मा, बाहेरच्यालेबी देता आलं असतं. पण वस्तीचं गेट वस्तीच्या पोरानं करावं, असं मले वाटलं." त्याच सुमारास कोराडीच्या ठेकेदाराने बाबांना सांगितले होते की एका माणसाची जागा निघते आहे, पोराला लावायचे असेल तर पौर्णिमेच्या आत सांगा, नाहीतर दुसरे पुष्कळ आहेत. म्हणजे एका तागडीत ती जागा होती, कोळशाची पण खात्रीची; दुसऱ्या तागडीत एक गेट. बाबा मला एवढेच म्हणाले, "गेट पाहू आधी."

आता त्या पाकिटाची गोष्ट. रॉडचे कोरे पाकीट आमच्या घरात त्यापूर्वी कधी आले नव्हते. वस्तीच्या पैशाची वस्तू, विहाराच्या कामाची; ते ठेवावे कुठे? फळीवर ठेवले तर वसंत हात लावील, ओसरीत ठेवले तर ऊन लागेल. मी ते हातात धरून घरभर फिरत होतो. बाबा नुकतेच जेवून उठले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आत गेले, आपली सतरंजी गुंडाळली, उशी काखेत मारली आणि कूलरसमोरच्या त्यांच्या जागेवर बोट दाखवून म्हणाले, "तिथं ठेव."

"बाबा, तुम्ही कुठे झोपाल?"

"मले झोप कुठीबी येते. कोळशावर बी येते. हे विहाराचं काम आहे, ह्यायले जप."

पाकीट फोडून रॉड सतरंजीच्या जागी स्वच्छ धुतलेल्या फडक्यावर ओळीने मांडले गेले, आणि बाबा पंचा ओला करून अंगावर घेऊन ओसरीत आडवे झाले. वैशाखातली ओसरी म्हणजे काय, हे मी वर सांगितले आहे. रात्रभर मालगाडीच्या वाघिणीतून कोळसा उतरवून आलेला माणूस गरम झळांत कूस बदलत पडला होता, आणि आत वाळ्याचा थंड, सुवासिक, ओला वारा लोखंडाच्या काड्यांवर वाहत होता. हे त्या दिवशी घडले आणि त्यानंतर रोज घडत राहिले. माझ्या बापाचा विरोध तो हा.

मामाच्या जुडीतले शेवटचे काही रॉड बाजूला ठेवून मी नव्या रॉडांनी गेटची चौकट जोडायला घेतली, आणि पहिल्या दिवसापासून बिनसले. ठिणगी लागे, मध्येच विझे. वितळल्या लोखंडाच्या बारीक गोळ्या चहूकडे उडत. वरची काळी खपली हातोडीने काढली की खालचा जोड धिरड्यासारखा भोकाभोकांचा निघे. पहिल्या दिवशी मी मशीनला दोष दिला, खुंटी या भोकातून त्या भोकात खोचली. नंतर मोतीरामजींच्या लाइनला दोष दिला. मग माझ्या हाताला. सल्लागारांना तोटा नव्हता. कुणी म्हणाले जुने मशीन म्हातारे झाले, कुणी म्हणाले उमरेडची वस्तू नागपुरात चालत नाही. आणि रॉडकडे कुणी बोट दाखवले नाही, कारण घरातली सगळ्यांत जपलेली वस्तू तीच होती.

एका दुपारी गुरुजी चौकट पाहायला आले. मी ती उभी केली. त्यांनी एका कोपऱ्याला धरून नुसते हलवले आणि माझ्या डोळ्यांदेखत जोड उकलला. अँगल सुटून अंगणातल्या फरशीवर पडला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. गल्लीतली दारे उघडली. गुरुजींनी वाकून त्या भोकांवरून बोट फिरवले.

"ह्या गेटवर लेकरं लोंबकळतीन, धर्मा. तुले जमत नसन तं आत्ताच सांग. यात लाज नाही. मी जरीपटक्यातून आणून लावतो."

"जमेल, गुरुजी."

"जमेल म्हणजे? कवा जमेल? पौर्णिमा काय तुह्यासाठी थांबून राहिली?"

ते छत्री उघडून रागारागाने निघून गेले. बाबा ओसरीत पडल्यापडल्या हे ऐकत होते. ते उठले, खुंटीवरचा सदरा चढवला, टॉवेल डोक्याला गुंडाळला. मायने विचारले, "अजी, अशा उनात कुठं चालले?" ते म्हणाले, "ठेकेदाराकडं. येतो." आणि कोराडीच्या बसकडे चालू लागले.

हे जाणे वसंताने पाहिले. हे मी मान्य करतो. तो दारात काचेच्या गोट्यांनी कंचे खेळत होता. त्याच्या साऱ्या हकिकतीचा पाया एवढाच आहे: गेट मोडले आणि बाबा तडक ठेकेदाराकडे गेले. खरे सांगायचे तर त्या दुपारी मीही तोच अर्थ काढला. मला वाटले, माझा निकाल लागला. मी मोडलेल्या चौकटीशेजारी लिंबाखाली बसून राहिलो. मायने जेवायला हाक मारली तर मी उठलो नाही, तिने ताट तिथेच आणून ठेवले, आमरस आणि भात, आणि म्हणाली, "उपाशी माणसाचं लोखंड बी ऐकत नाही." बाबा तिन्हीसांजेला परतले आणि काही न बोलता डबा घेऊन पाळीवर गेले. मीही विचारले नाही. विचारण्याची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दुपारी मी पुन्हा होल्डर हातात घेतला तो निव्वळ हट्टाने. माय चुलीपाशी कुरोड्या तळत होती. गव्हाच्या चिकाच्या त्या कुरोड्या तिने नुकत्याच छतावर वाळवून डब्यात भरल्या होत्या. माझे तडतड, फट्, तडतड चालू होते. एकाएकी तिचा आवाज आला, "थांब रे."

मी काच खाली केली.

"हे तळणं नाही. हे फुटणं आहे."

"काय?"

"इकडं ये. ते ठेव अन् इकडं ये. डोये मिट."

मी चुलीपाशी जाऊन बसलो, डोळे मिटले. तिने डब्यातली एक कुरोडी तेलात सोडली. भरीव, सलग आवाज झाला आणि फुलून शांत झाला. मग तिने आणखी एक सोडली. ती तडतडली, फटफटली, तेलाचा शिंतोडा माझ्या हातावर आला. मी डोळे उघडले तर कढईत ती दुसरी कुरोडी तशीच आखडून, चिवट होऊन पडली होती.

"ही कालपासून माठाच्या बुडाशी पडली होती. सादळली. अन् सादळलेली वस्तू अशीच बोंबलते," माय म्हणाली. "मामानं देल्लेल्या लोखंडाच्या कांड्या कशा वाजत होत्या?"

"पहिलीसारख्या."

"अन् ह्या?"

आम्ही दोघांनीही एकाच वेळी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिले. आत कूलर चालला होता. त्या खोलीत उन्हाळाभर मीठ पाणी धरी, काडेपेटीची काडी पेटत नसे, पापड तिथे कुणी ठेवत नसे. हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होते. पण रॉड हे पापडासारखे काही असते, हे कुणाच्या मनात यावे? रॉडवरचा तो लेप ओल ओढून घेतो आणि मग जोडात भोके पाडतो, हे मला तिने कढईत दाखवले. वसंत अलीकडे असे सांगू लागला आहे की पाकिटावर इंग्रजीत 'कोरड्या जागी ठेवावे' असे छापलेले होते आणि ते त्याने वाचून मला सांगितले. छापलेले असेलही. त्याने वाचले असेल तर तो इतके दिवस काय करत होता? माझ्या आठवणीत तरी तो कंचेच खेळत होता.

माय हलक्या आवाजात म्हणाली, "कांड्या आता उचलू. छतावर वाळत घालू, मंग तव्यावर शेकू. पण ह्यायले कळू देऊ नको. त्या कांड्यायसाठी इतके दिवस उनात पडून राह्यले. जीवाले लागन."

"कळलं मले," ओसरीतून आवाज आला. "मी जागाच आहो."

बाबा पंचा सावरत उठून आत आले. घामाने त्यांची बंडी अंगाला चिकटली होती. त्यांनी कढईतली ती आखडलेली कुरोडी उचलली, फुंकर मारून तोंडात टाकली, चावून पाहिली आणि तोंड वाकडे केले.

"म्या माणसाले जे लागते ते देलं," ते म्हणाले. "लोखंडाले काय लागते ते तुमी मायलेकानं पाहा. अन् आता माही जागा मले वापस द्या, लय झोप आली."

माय पदर तोंडाला लावून हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिने चुलीच्या धुरावर ढकलले. मी रॉड उचलले. बाबांनी स्वतः सतरंजी अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून ते क्षणात झोपी गेले. त्या उन्हाळ्यात त्यांना तसे झोपलेले मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

मग छतावर, तापलेल्या पत्र्यावर, कुरोड्यांच्या नव्या खेपेच्या चादरीच्या रिकाम्या अर्ध्या भागात रॉड वाळत पडले. कावळे हाकायला मायने जी काठी वसंताच्या हाती दिली होती तिची राखण आता दोन्हींना लागू झाली. संध्याकाळी माय रॉड मंद आचेवर, भाकरीच्या तव्यावर, पापडासारखे उलटसुलट शेकत असे आणि फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवत असे. आज माझ्या मुलीच्या वर्कशॉपमध्ये याच कामासाठी विजेची छोटी भट्टी आहे आणि ती शिकाऊ मुलांना मोठ्या आढ्यतेने दाखवली जाते. मी तिला नावे ठेवत नाही. पण त्या भट्टीसमोर उभा राहिलो की मला भाजलेल्या ज्वारीचा वास येतो.

शेकलेला पहिला रॉड लावला तेव्हा मी काचेतून पाहण्याआधी ऐकले. कढईतला आवाज. सलग, भरीव. खपली काढली तर खाली बारीक, एकसारख्या लाटांची रेघ, जणू कुणी बोटाने ओढली असावी. मामाच्या शिकवणीप्रमाणे मी त्या जोडावर घण घातला. अँगल वाकला, जोड हलला नाही. त्यानंतर दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. सगळे जुने जोड कापून काढले, चौकटी पुन्हा चौरस केल्या, सळया बसवल्या, बिजागऱ्या जोडल्या. मोतीरामजींनी गिरणी उशिरा सुरू करण्याचा परिपाठ ठेवला आणि बायका दळणाचे डबे घेऊन लिंबाखाली खोळंबून माझे काम पाहत बसू लागल्या. "धर्मा, तुह्या गेटापायी आमी भाकरीबिना राहू का?" असे म्हणत, आणि जागच्या हलत नसत.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही पल्ले विहाराच्या खांबांना लागले. गुरुजींनी हलवले, ढकलले, आणि शेवटी आपले वय विसरून खालच्या सळईवर पाय देऊन स्वतः लोंबकळले. गेटने हूं की चूं केले नाही. ते खाली उतरले, धोतर झटकले आणि म्हणाले, "रंग निळा देजो." एवढेच. त्यांच्याकडून एवढे मिळवायला लोकांना जन्म लागे.

बाबा पाळीवर निघता निघता तिथे थांबले होते, काखेत डबा. तेवढ्यात आमच्या मागच्या ओळीतल्या सुमनबाई हातात पेढ्यांची पुडी घेऊन आल्या. त्यांचा मुलगा मधुकर माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच रिकामा. त्या माझ्याकडे न येता थेट बाबांकडे गेल्या. "भाऊ, मधुकर उद्यापासून कामावर जाते. तुमच्यानं झालं. स्वतःच्या पोराची जागा कोन देते दुसऱ्याले?"

मी पुढे होऊन विचारले, "कधी ठरले हे, बाई?"

"लय दिवस झाले गा. गुरुजी तुमच्या आंगणातून रागावून गेले नाही का, त्याच दुपारी. भाऊ उनातान्हात ठेकेदाराकडं गेले, सांगतलं का माहा धर्मा येत नाही, मधुकरले घ्या. तुले माहीत नाही?"

मला माहीत नव्हते. ती जागा खरोखर मधुकरला मिळाली. तो तिथूनच निवृत्त झाला आणि अजून हयात आहे. वसंताला माझे खोटे वाटत असेल तर त्याने मधुकरला विचारावे. सुमनबाई गेल्यावर मी बाबांजवळ जाऊन उभा राहिलो. विहारात पोरे पताका लावत होती, कुणीतरी भोंगा तपासत होते.

"बाबा, त्या दुपारी तर गेट मोडून पडले होते."

"हो."

"सादळल्याचे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते."

"नव्हतं."

"मग ते पुन्हा उभे राहिलेच नसते तर?"

त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि उरलेला तोंडात टाकला. "तं गेट राहिलं नसतं," ते म्हणाले. "तू तं होता नं." आणि डबा या हातातून त्या हातात घेऊन, खांद्याने पल्ला ढकलून ते कोराडीच्या बसकडे निघाले.